टेबलाच्या पलीकडची खुर्ची

दरवर्षी १९ ते २५ नोव्हेंबर जागतिक वारसा सप्ताह असतो. यंदा त्यातला एक दिवस गावातल्या इतिहासप्रेमींसाठी ठेवलाय. एका शाळेचं सभागृह, भिंतीला लागून टेबलं, आणि नाशिकबद्दल ज्याला जे दाखवायचंय ते त्यानं मांडायचं. नाणी जमवणारे येणार, गडकिल्ले फिरणारे येणार. तिकिटं जमवणारे तर येणारच, कारण देशाची टपाल तिकिटं लंडनऐवजी नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापायला लागली त्याला १९२५ पासून मोजलं तर शंभर वर्षं झाली. एक टेबल आम्हालाही मिळालं. आम्ही म्हणजे जुन्या नाशिकचे फोटो, कागद आणि आठवणी फोनवरून एकमेकांना पाठवणारी माणसं. कुणी पंचवटीतलं, कुणी देवळालीचं, कुणी लग्न होऊन परदेशी गेलेली आणि तिथल्या मध्यरात्री सराफ बाजारातल्या माहेरच्या वाड्याचा फोटो आहे का म्हणून विचारणारी. यातल्या बऱ्याच जणांनी एकमेकांना प्रत्यक्ष पाहिलेलंही नाही. टेबलाच्या निमित्तानं पहिल्यांदा एकत्र बसलो.

बसल्या बसल्या पहिली सूचना आली ती मोठ्या फलकाची. पांडवलेण्यांपासून कुसुमाग्रजांपर्यंत एक लांबलचक पट्टी, तिच्यावर सनावळ्या. नारोशंकराचं मंदिर १७४७, सार्वजनिक वाचनालय १८४०, विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाच्या वेळी कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनवर झाडलेल्या गोळ्या १९०९, फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३. दुसरी सूचना तरुणांकडून आली: मोठा पडदा लावू आणि आपल्याकडचे फोटो एकामागून एक सरकू देत. दोन्ही सूचना मनापासूनच्या होत्या. पण मला वाटतं, येणाऱ्या नाशिककराला सांगण्यापेक्षा त्याला विचारण्यासारखं आपल्याकडे जास्त आहे. फलकावरची प्रत्येक सनावळी ग्रंथालयात मिळते. सभागृहाच्या दारातून आत येणाऱ्या सत्तरीतल्या बाईंकडे जे आहे ते कुठल्याही ग्रंथालयात मिळत नाही, आणि आणखी दहा वर्षांनी कुठेच मिळणार नाही. म्हणून माझा आग्रह होता की टेबलाच्या मागे मांडणारा बसेल तसं टेबलाच्या पुढे येणाऱ्यालाही बसता यावं. एक चांगली, पाठ टेकता येईल अशी खुर्ची, आणि टेबलावर एक कोरी वही.

ही कल्पना माझी नाही. ती या गावाचीच आहे आणि फार जुनी आहे. रामकुंडावर श्राद्धाला किंवा अस्थिविसर्जनाला आलेल्या माणसाला क्षेत्रोपाध्ये आधी काय विचारतात? गाव कोणतं, आडनाव काय. एवढ्यावरून कोणत्या गुरुजींचे यजमान ते कळतं, आणि त्या घरातली नामावळीची चोपडी बाहेर येते. नाशिकला आणि त्र्यंबकेश्वरी कितीतरी घरांत अशा चोपड्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या गेल्यात. गावागावांनुसार, आडनावांनुसार लावलेल्या. जुनी पानं मोडीत, नंतरची बाळबोधीत, अलीकडची बॉलपेननं. विदर्भातल्या कुठल्याशा खेड्यातून आलेला माणूस, ज्याला पणजोबांचं नाव घरी विचारूनही मिळालेलं नसतं, तो रामकुंडाच्या पायरीवर बसून पणजोबांची सही बघतो. गुरुजी वाचून दाखवतात: अमुक साली आले होते, बरोबर धाकटे बंधू, मातोश्रींच्या अस्थी घेऊन. मग त्याच पानावर खाली याला लिहायला लावतात. आज कोण आलं, कशासाठी आलं, मुलं किती, त्यांची नावं काय.

मी हे अनेकदा जवळून पाहिलंय. पणजोबांची सही दिसली की माणूस आधी बोटानं अक्षरं चाचपतो, मग मोबाइल काढून फोटो घेतो, आणि मग स्वतः लिहिताना त्याचं अक्षर एकदम सांभाळून, शाळेतल्यासारखं यायला लागतं. आपण लिहिलेलं कुणीतरी पुढे वाचणार आहे हे त्याला त्या क्षणी पटलेलं असतं. इतिहासाच्या प्रदर्शनात माणूस भिंतीवरचं वाचत पुढे सरकतो, त्याच्याकडून काही मागितलं जात नाही. चोपडीपुढे बसलेला माणूस एकाच वेळी वाचणारा असतो आणि लिहिणाराही.

त्याहून मागे जायचं तर पांडवलेण्यांतल्या १० क्रमांकाच्या लेण्यात जावं लागेल. तिथे क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे लेख कोरलेत, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचे. पाहायला येणारे नक्षीचे खांब बघतात आणि लेखापाशी फारसं थांबत नाहीत. पण त्यातला मजकूर एखाद्या ट्रस्टच्या कागदपत्रांइतका चोख आहे. वर्षावासात तिथे राहणाऱ्या भिक्षूंच्या वस्त्रांसाठी त्यानं तीन हजार कार्षापणांची कायमची ठेव ठेवली. ती गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे गुंतवली: दोन हजार एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक दरानं, हजार दुसरीकडे दरमहा शेकडा पाऊण दरानं. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. गोवर्धन आजही गंगापूरच्या बाजूला आहे, शहर त्याला जाऊन भिडलंय. आणि मला सगळ्यात आवडतो तो लेखाचा शेवटाकडचा भाग: हे सगळं निगमसभेत जाहीर केलं आणि रिवाजाप्रमाणे दप्तरी नोंदवलं. निगमसभेचं ते दप्तर कधीच नाहीसं झालं, पण ते होतं हे दगडात राहिलं. विणकरांच्या श्रेणीचा उल्लेख येतो, तिचा व्याजाचा दर येतो, मात्र एकाही विणकराचं नाव येत नाही. देणाऱ्याचं नाव उरलं.

चोपड्यांचंही तसंच आहे, आणि आमच्या टेबलाचा विचार करताना ही गोष्ट डोळ्याआड करून चालणार नाही. त्या यजमानांच्या नोंदी आहेत. ज्यांना यजमान मानलंच गेलं नाही त्यांची पानं त्यांत शोधायची कुठे? २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराच्या दारांशी सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो लावून धरला, पुढची चार-पाच वर्षं तो थांबत, पेटत चालूच राहिला. पुढाऱ्यांची नावं पुस्तकांत आहेत. पण जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतून भाकरी बांधून चालत आलेल्या, दारासमोर बसलेल्या, तुरुंगात गेलेल्या बायाबापड्यांची नावं त्यांच्या नातवंडांच्या घरी आहेत, जिथे असतील तिथे. आमच्यातल्या एका मित्रानं सांगितलं की त्याच्या आजीची आई त्या दारांशी बसली होती, एवढंच घरात माहीत आहे. तिचं माहेरचं नावही कुणाला आठवत नाही. टेबलावरचं पहिलं पान मला अशा घरांसाठी मोकळं ठेवायचंय. त्यासाठी नुसतं टेबल मांडून बसून भागणार नाही. मल्हारखाण, फुलेनगर, नाशिकरोड, जिल्ह्यातली गावं, सगळीकडे आधी जाऊन सांगावं लागेल की या, हे तुमचंही टेबल आहे. हे काम आम्ही वाटून घेतलंय.

मग शरणपूर. या एका नावावर आमची सगळ्यात लांब चर्चा झाली. शरणपूर रोड म्हटलं की नाशिककराच्या डोळ्यांसमोर दुकानं, दवाखाने आणि वाहतुकीची कोंडी येते. १८५० च्या दशकात तिथे चर्च मिशनरी सोसायटीनं एक ख्रिस्ती गाव वसवलं होतं. त्या गावात पुढे आफ्रिकेतली मुलं आली. अरब व्यापाऱ्यांच्या गुलामांच्या गलबतांवरून इंग्रजी आरमारानं सोडवलेली, मुंबईत उतरवलेली, आणि तिथून नाशिकला पाठवलेली. शरणपूरच्या आश्रमात ती लिहायला-वाचायला शिकली, सुतारकाम, लोहारकाम शिकली. इंग्रजी कागदपत्रांत त्यांना 'नासिक बॉइज' म्हणत.

त्यातलाच एक जेकब वेनराइट. मूळचा पूर्व आफ्रिकेतल्या याओ लोकांतला, लहानपणीच गुलामगिरीत विकला गेलेला. १८७२ साली आफ्रिकेत फिरणाऱ्या डेव्हिड लिव्हिंग्स्टन या संशोधकाच्या मदतीला पत्रकार स्टॅन्लेनं जी माणसं आफ्रिकेच्या आतल्या भागात धाडली, त्यांत नाशिकमध्ये शिकलेले काही तरुण होते आणि त्यांत जेकब होता. मे १८७३ च्या सुरुवातीला लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी वारला. त्याच्या सोबत्यांनी ठरवलं की याचा देह याच्या देशी पोचवायचा. काळीज एका झाडाखाली पुरलं, प्रार्थना जेकबनं वाचली, आणि त्या झाडाच्या खोडावर मृत्यूची नोंद त्यानंच कोरली. लिव्हिंग्स्टनच्या वस्तूंची यादीही त्यानंच केली. मग या माणसांनी तो देह झाडाच्या सालीत गुंडाळून महिनोन्‌महिने चालत, दीड हजारांहून जास्त किलोमीटर पार करून समुद्रकिनाऱ्यावर बागामोयोला आणला. १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेत लिव्हिंग्स्टनचं दफन झालं, तेव्हा शवपेटीबरोबर चालणाऱ्यांत जेकब वेनराइट होता. कोरलेला खोडाचा तुकडा आज लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीकडे आहे.

पुढच्याच वर्षी, १८७५ ला, मोम्बासाजवळ सोडवलेल्या गुलामांसाठी फ्रीअर टाउन नावाची वसाहत उभी राहिली. शरणपुरात वाढलेले बरेच आफ्रिकी तरुण आपल्या बायकांसह तिकडे गेले. शरणपुरात मिशन चालवलेला विल्यम प्राइसच तिथे प्रमुख म्हणून गेला. आज मोम्बासातली माणसं आपला इतिहास सांगताना नाशिकचं नाव घेतात. आणि नाशिक?

नाशिकमध्ये अक्षर गिरवलेल्या एका मुलानं आफ्रिकेतल्या एका झाडावर दुसऱ्याच्या मरणाची नोंद केली, आणि त्याची स्वतःची नोंद या गावात एखाद्या पाटीपुरतीही माझ्या नजरेस आलेली नाही. आमच्यातल्या कितीतरी जणांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. एका इंजिनिअर मित्राचं सगळं आयुष्य शरणपूर रोडवर गेलंय. तो बराच वेळ काही बोललाच नाही, मग म्हणाला की या एका माणसासाठी अर्धं टेबल द्या. मी अर्धं द्यायला तयार आहे. पण तिथेही नुसता फलक नको. शरणपुरातल्या जुन्या ख्रिस्ती कुटुंबांना आम्ही बोलावतोय. त्यांच्या घरी वाडवडिलांकडून काही ऐकलेलं असेल, एखाद्या जुन्या बायबलच्या पहिल्या कोऱ्या पानावर जन्म-मृत्यूच्या तारखा असतील. ख्रिस्ती घरांत अशा तारखा लिहून ठेवायची रीत आहे, आणि तीही एक नामावळीच.

फोटोंचं आम्ही लवकर आटपलं. पडदा असेल, पण फोटो आपोआप सरकणार नाहीत. एक फोटो लावायचा आणि समोरच्याला विचारायचं: हा कधीचा असेल? फोनवर फिरणाऱ्या जुन्या फोटोंखाली कुणीही कुठलाही सन टाकतो. पण फोटो स्वतःच बरंच सांगतो. गोदावरीवरचा व्हिक्टोरिया पूल, ज्याला आता अहिल्यादेवी होळकर पूल म्हणतात, तो १८९५ चा. घाटाच्या ज्या फोटोत तो दिसायला हवा आणि दिसत नाही, तो त्याआधीचा. मेन रोडच्या फोटोत घोड्यांच्या ट्रामचे रूळ दिसले तर तो ट्राम बंद पडण्यापूर्वीचा. नाशिकरोड स्टेशनपासून गावापर्यंत घोडे ट्राम ओढायचे हे आजच्या मुलांना खरंच वाटत नाही. मुलांना असं शोधायला दिलं की ती टेबल सोडत नाहीत. आमच्यातल्या एक शिक्षिका हा भाग सांभाळणार आहेत आणि त्यांच्याइतकं चांगलं तो कुणी सांभाळणार नाही.

पुराच्या नकाशाची कल्पना मात्र सगळ्यांना एकदम पटली. नाशिककराला पूर मोजायला पट्टी लागत नाही. गंगाघाटावरचा दुतोंड्या मारुती आहे. पाणी मारुतीच्या पायाशी आलं, कमरेला लागलं, छातीशी आलं, डोक्यावरून गेलं, यावरून गावभर कळतं की आता सराफ बाजारातली दुकानं आवरायची की नाही. १९६९ चा महापूर म्हाताऱ्यांच्या आठवणीतला, २००८ चा आणि २०१६ चा सगळ्यांच्या. जुन्या नाशिकचा मोठा नकाशा टेबलावर पसरायचा, प्रत्येक पुराला एका रंगाच्या टाचण्या, आणि ज्याच्या घरात जिथपर्यंत पाणी शिरलं तिथे त्यानं स्वतःच्या हातानं टाचणी लावायची. पहिल्या पायरीपर्यंत, ओटीपर्यंत, देवघरापर्यंत. भांडीबाजार, दहीपूल, सोमवार पेठ. दिवस संपेस्तोवर जे तयार होईल ते महापालिकेलाही उपयोगी पडेल. २०२७ च्या सिंहस्थासाठी घाट, रस्ते, पूल यांचं काम जोरात चाललंय, आणि पाणी कुठल्या वाटेनं गावात शिरतं हे पिढ्यान्‌पिढ्या जी घरं बघत आलीत त्यांना एकदा विचारायला काय हरकत आहे? मला हे फार मनापासून वाटतं. कितीतरी वाडे पडताहेत, रुंदीकरणात जाताहेत. वाडा गेला की भिंतीवरची पाण्याची खूण गेली, आणि ती दाखवणारा माणूस उपनगरात तिसऱ्या मजल्यावर राहायला गेला.

आता भांड्यांविषयी, कारण त्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय.

चोपडीत वंश पुरुषांचा चालतो. बाई येते ती कुणाची तरी सौभाग्यवती किंवा मातोश्री म्हणून. मग बायकांची नावं या गावात लिहिली कुठे गेली? स्वयंपाकघरात. नाशिक हे तांब्या-पितळेचं गाव. तांबट आळीत ठोक्यांचा आवाज दिवसभर चालायचा, भांडीबाजारात लग्नसराईला उभं राहायला जागा नसायची. भांडं घेतलं की तिथेच कारागिराकडून त्यावर नाव घालून घ्यायचं. छिन्नी आणि छोटी हातोडी, टिंब टिंब टिंब, अशी ठोक्याठोक्यानं अक्षरं उमटायची. माझ्या घरी पितळेचा एक डबा आहे. झाकणाच्या कडेनं गोल फिरवत आईचं लग्नानंतरचं नाव, पुढे 'हीस', मग देणाऱ्या मावशीचं नाव, मग 'कडून', आणि तारीख. जागा संपत आली म्हणून शेवटची अक्षरं दाटून घातलीत, सनाचे फक्त शेवटचे दोन आकडे बसलेत. 'हीस' मधला ह जरासा वाकडा आहे, तिथे हातोडी सटकली असावी. आईचं लग्नानंतरचं नाव एखाद्या वस्तूवर पहिल्यांदा लिहिलं गेलं ते बहुधा या डब्यावर. पुढे कितीतरी वर्षं तिच्या नावावर घर नव्हतं, दुकान नव्हतं. तांबे-पितळ होतं.

अशा भांड्यांवरून काय काय कळतं ते बघा. कोणी दिलं, कोणाला दिलं, कधी, कशाबद्दल. बारशाला दिलेली वाटी, मौंजीतलं ताम्हन, निवृत्तीला प्रेसमधल्या सहकाऱ्यांनी दिलेला तांब्या, ज्यावर खात्याचं नावही असतं. आडनावांवरून शेजार कळतो: कोणत्या आळीत कोणाचं कोणाशी देणंघेणं होतं, मुसलमान शेजाऱ्यांकडून आलेलं भांडं ब्राह्मणाच्या घरी वापरात होतं का, होतं तर कशासाठी. धातूवरून काळ कळतो: तांबं-पितळ, मग स्टेनलेस स्टील, आणि स्टीलवर यंत्रानं घातलेली सलग, बारीक अक्षरं. इतका मोठा कागदपत्रांचा साठा गावातल्या हरएक घरात फळीवर पडून आहे, आणि दरवर्षी मोडीत जातोय. भंगारवाला वजन करतो तेव्हा नाव वाचत नाही.

म्हणून जाहिरातीत आम्ही एवढंच लिहायचं ठरवलं: येताना घरातलं नाव घातलेलं एक भांडं आणा. फोटो आणि जुने कागद सगळ्यांकडे नसतात. विकत घेतलेल्या पुस्तकांचं कपाट सगळ्यांकडे नसतं. नाव घातलेला एखादा पेला, एखादी वाटी बहुतेक घरांत सापडते, मग ते घर गंगापूर रोडचं असो की भद्रकालीचं, सातपूरच्या कामगार वसाहतीतलं असो की देवळालीतलं. आम्ही भांड्याचा फोटो काढू, नाव उतरवून घेऊ, आणि ज्यानं आणलं त्याला विचारू: ही कोण? जे सांगेल ते त्याच्या शब्दांत वहीत. भांडं लगेच परत द्यायचं, टेबलावर कुणाचंही काही ठेवून घ्यायचं नाही.

वहीचं पुढे काय, यावर थोडा वाद झाला. कुणी म्हणालं लगेच सगळं टाइप करून फोनवर टाकू. मी ठाम नाही म्हटलं. घरातली गोष्ट सांगणारी बाई टेबलापलीकडच्या एका माणसाला सांगत असते, गावाला नव्हे. एखादी सून सासरच्या भांड्यावरचं नाव वाचताना असं काही सांगेल की जे कुटुंबात अजून उघड बोललं जात नाही. म्हणून प्रत्येक नोंदीखाली सांगणाऱ्याला विचारायचं: हे इतरांना दाखवायचं का, नावासकट की नावाशिवाय, आत्ता की काही वर्षांनी. उत्तर तिथेच लिहून घ्यायचं आणि सही घ्यायची. जे दाखवायचंय त्याची एक प्रत गावातल्या एखाद्या जुन्या ग्रंथालयाला देऊ करायची. जे दाखवायचं नाही ते पाकिटात, बंद. क्षेत्रोपाध्येही आपली चोपडी रस्त्यावर उघडी ठेवत नाहीत, ज्याची त्यालाच दाखवतात, आणि म्हणूनच ती इतकी वर्षं टिकली असं मला वाटतं.

लिहून घेणारे कोण हेही ठरलं. तरुणांचं अक्षर वळणदार नाही, पण त्यांचे कान तीक्ष्ण आहेत आणि ते मध्ये बोलत नाहीत. आमच्या वयाच्या लोकांना समोरच्याचं वाक्य पुरं करायची घाई होते. तेव्हा लिहायला तरुण, आणि शेजारी जुन्या आळ्या, जुनी आडनावं माहीत असलेलं कुणीतरी एक, गप्प बसायची तयारी असलेलं.

टिंबांची अक्षरं वाचणं मात्र शिकावं लागतं. वाटी उजेडाकडे तिरकी धरायची, अक्षरांवर खडूची बारीक पूड चोळून हलकेच पुसायची, म्हणजे टिंबांत पांढरं राहतं आणि नाव उठून दिसतं. याची तालीम येत्या रविवारी आमच्याकडे आहे. प्रत्येकानं आपल्या घरचं एक भांडं आणायचंय आणि ते मुद्दाम चिंच लावून घासून आणू नका असं सगळ्यांना सांगितलंय. फार घासल्यानं टिंबं बुजतात, आणि मग मावशीचं नाव वाचता येत नाही.